इथं कोन ऱ्हातं?

नवी सिस्टिम टाकताना शेवटचं बटण दाबायची वेळ आली, की मोरेश्वरदादा माऊसवरचा हात काढून खुर्चीतून उठायचे. लॅबच्या दारापर्यंत जायचे, पॅसेजमध्ये उगाच एक नजर टाकायचे, परत यायचे आणि उभ्यानंच पडद्याकडे बोट करून विचारायचे, "इथं कोन ऱ्हातं?"

पडद्यावर डिस्कचे भाग एकाखाली एक मांडलेले असायचे. समोर मी असेन तर मी, विद्यार्थी असतील तर विद्यार्थी, प्रत्येक भाग मोठ्यानं वाचून दाखवायचा. हा बूटचा, हा रूटचा, हा मुलांच्या फायलींचा. एखाद्या ओळीपुढे काहीच लिहिलेलं नसलं आणि कुणी "हा रिकामा" म्हणालं, तर ते मान हलवायचे.

"रिकामा दिसतो म्हना. रिकामा हाय म्हनू नका."

मग तो भाग उघडून बघायचा. बहुतेक वेळा तो खरोखरच रिकामा असायचा. मुलं हसायची. पहिल्या आठवड्यात मीही हसले होते, तोंड फिरवून.

नेरूळच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवायला लागले तेव्हा दादा तिथे लॅब असिस्टंट होते. मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन इथल्या फ्लॅटमध्ये आलेली. दादा सारसोळ्याचे, इथलेच. बाप खाडीत जाळी टाकायचा. घरात कॉम्प्युटर पाहिलेलाही कुणी नव्हता. कॉलेजनं भंगारात काढलेली मशिनं उघडून-जोडून हा माणूस शिकला होता. पगारपत्रकात ते माझ्या चार पायऱ्या खाली होते आणि कामात माझ्या चार पायऱ्या वर. हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही. ते मला मॅडम म्हणायचे, मी दादा म्हणायचे.

अंगानं किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन आणि एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर. डबा खिडकीशी उभ्यानं खायचे. बाहेर निघालेल्या प्रत्येक डिस्कवर पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर स्केचपेननं माणसाचं नाव लिहायचे. मशीनचा नंबर नाही, ज्याचं त्यात काही होतं त्याचं नाव. 'लायब्ररीच्या पाटील बाई', 'अकाउंट्सचे शिंदे'. पाटील बाई कधीच निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांची डिस्क कपाटात होती.

लिनक्स टाकायचं म्हणजे डिस्कचे भाग पाडावे लागतात. मशीन जागं करण्यापुरता एक लहान भाग, तो बूट. सगळी सिस्टिम जिथे बसते तो मोठा भाग, तो रूट. आणि प्रत्येक भागात वस्तू कुठल्या पद्धतीनं रचून ठेवायच्या, म्हणजे कुठली फाइलसिस्टिम द्यायची, हे आधी ठरवावं लागतं. हा विषय मी वर्गात वीस मिनिटांत संपवायचे. वेग किती, फाइल केवढी मोठी मावते, असा एक तक्ता फळ्यावर काढला की झालं. प्रॅक्टिकलला मुलं लॅबमध्ये गेली की दादा तो तक्ता त्यांच्या डोक्यातून काढून टाकायचे.

"कशी चालते ते सगलेच सांगतात," ते म्हणायचे. "कशी मरते ते विचारा. लाइट गेली, तार निघाली, डिस्क म्हातारी झाली, तर ती काय काय घेऊन जाते आणि काय मागं ठेवते ते विचारा."

त्यांचं ठरलेलं होतं. बूट वेगळा, लहान, आणि तिथे जुन्यातली जुनी साधी फाइलसिस्टिम. रूटला एक्स्टफोर, तीही वर्षानुवर्षं वापरात मुरलेली. मुलांच्या फायली रूटपासून वेगळ्या, तिसऱ्याच भागात. यात बदल नाही.

मी एकदा वाद घातला होता. सगळी लॅब नव्यानं उभी करायची होती आणि रूटला नवी फाइलसिस्टिम द्यावी असं माझं म्हणणं होतं. ती स्वतःच्या चुका स्वतः तपासते, आदल्या दिवशीच्या स्थितीवर परत नेते, सगळीकडे तिचंच कौतुक चाललेलं. दादांनी सगळं ऐकून घेतलं.

"चांगलीच हाय, मॅडम. मी नाय म्हनत नाय. पन ती मोडली तर मना आत शिरता येत नाय. जुनी मोडली तर तिची हाडं कुठं पडलेली असतात ते मना माहीत हाय."

"पण ती मोडेलच कशाला?"

शेवटी निम्म्या मशिनांवर माझं, निम्म्यांवर त्यांचं, असं ठरलं. पुढच्या वर्षी परीक्षेच्या आधी एका दुपारी वीज चार वेळा गेली-आली. त्यांची सगळी मशिनं उठली. माझं एक उठलं नाही. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. दादा त्या मशीनसमोर जाऊन बसले ते उठलेच नाहीत. मी तीनदा सांगितलं की त्यात काही नव्हतं, सराव फायली होत्या, पुसून टाका. ते म्हणाले, "कोनाच्या?" मी म्हटलं, "बारावीच्या मुलांच्या." "नावं सांगा." मला नावं सांगता येईनात. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकेक फाइल बाहेर काढली. त्यातली एकही पुन्हा कुणाला लागली नाही.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की ही नुसती शिस्त नाही. हा माणूस कशाला तरी घाबरलाय.

ते मला कळलं मे महिन्याच्या सुट्टीत. लॅब झाडायची होती आणि कपाटातल्या जुन्या डिस्क मोजून यादी करायची होती. खालच्या खणात एक डिस्क धुवट सुती कापडात गुंडाळलेली सापडली. पट्टीवर लिहिलं होतं, 'हिराआजी, शिरवणे'.

"ह्या कोण?" मी विचारलं.

दादांनी ती माझ्या हातातून घेतली, कापड नीट केलं आणि समोरच्या स्टुलावर बसले. पंखा बंद करायला सांगितला. पंख्याच्या आवाजात बोलता येत नाही असं म्हणाले.

हिराआजी जवळच्याच शिरवणे गावच्या धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणतात. मांडव घालण्यापासून वरात घरी येईपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, आणि ते म्हणणारी धवलारीण म्हणजे त्या लग्नाची जवळजवळ पुरोहितच. हे कुठे लिहिलेलं नसतं. एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे तोंडीच जातं. हिराआजींकडे जितकं होतं तितकं आसपासच्या गावांत कुणाकडे उरलं नव्हतं. दादांच्या स्वतःच्या लग्नात त्याच होत्या. त्यांची लेक सुनंदाताई अंगणवाडीत होती. तिनं हे सगळं गेलं तर काय, म्हणून दोन हिवाळे आईला समोर बसवून एका छोट्या रेकॉर्डरवर सगळे धवले रेकॉर्ड केले आणि घरच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आजींना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

"सगलं वेलेवर केलंन सुनंदानं," दादा म्हणाले. "तिनं वाचवलं. मी पुसलं."

कॉम्प्युटर हळू चालायला लागला, व्हायरस शिरला, म्हणून सुनंदाताईनं तो दादांकडे आणून दिला. काही ठेवायचंय का, असं त्यांनी विचारलं होतं. ती म्हणाली, भाच्यानं सगळं पेनड्राइव्हवर घेतलंय. भाच्यानं फक्त फोटो घेतले होते. डिस्कवर दुसरा एक भाग होता, नाव नसलेला. दादांनी तो उघडला नाही.

"का नाही उघडलात?"

"तवा ती नवी फाइलसिस्टिम आली होती, तुमी म्हनता तीच. मना ती टाकून बघायची होती. बूटला काय द्यायचं, रूटला काय द्यायचं, तिचे कोनते पर्याय लावायचे, सगलं ध्यान त्यातच. मी खुशीत होतो, मॅडम. कोनाच्या अंगावर टाकतोय ते बगितलंच नाय. पूर्ण डिस्क पुसा, म्हटलं, आनि दाबलं."

एवढ्यावरही बरंच वाचलं असतं. नवी सिस्टिम टाकली तरी जुनं सगळं लगेच जात नाही, वर नवं लिहिलं जाईल तसतसं ते खाली मिटत जातं. पण डिस्कवर एवढी जागा मोकळी दिसतेय, म्हणून दादांनी सुनंदाताईच्या नातवंडांसाठी अभ्यासाचे व्हिडिओ भरून दिले. आपल्याकडून भेट म्हणून. डिस्क काठोकाठ भरली.

चार दिवसांनी सुनंदाताई लॅबच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, आयची गानी कुठं ठेवलीस?"

हे सांगून झाल्यावर दादांनी डिस्कवरचं कापड पुन्हा नीट केलं. मग म्हणाले, "ती रडली नाय. रडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हनाली, आयला सांगू नको."

आणि त्यांनी सांगितलं नाही. पण त्या रविवारपासून दर रविवारी ते सकाळी शिरवण्याला जाऊन आजींसमोर बसायला लागले. त्याला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती.

जूनमध्ये एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. मीच विचारलं होतं, ते नको म्हणाले नाहीत. गावातलं घर वरती दोन मजले चढलेलं होतं, पण आजी तळमजल्यावर दाराशेजारच्या कॉटवर असायच्या, येणारं-जाणारं दिसावं म्हणून. लहानशी बाई, कपाळावर मोठं गोंदण, डोळे अगदी जागे. दादांनी वाकून नमस्कार केला. आजींनी डावा हात उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि ठेवूनच दिला. दादा त्या हाताखाली डोळे मिटून बसले. सुनंदाताई स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दर रविवारी हेच पाहून ती दमली होती.

परत येताना दादा म्हणाले, "तिचा हात लय हलका हाय. मना तो घरी गेल्यावरपन डोक्यावर लागतो."

आजींच्या त्या डिस्कवर ते पुन्हा कुणाला काही लिहू देत नव्हते. तिची नक्कल काढून त्या नकलेत ते रोज कॉलेज सुटल्यावर तासभर शोधायचे. जिथे व्हिडिओ बसले नव्हते अशा फटींमधून आवाजाचे तुकडे निघत होते. रेकॉर्डरनं आवाज न आवळता, कच्चाच साठवला होता, त्यामुळे तुकडा कितीही लहान असला तरी वाजायचा. त्यांनी एकदा मला हेडफोन दिला. आधी नुसती खरखर. मग अचानक कानाच्या अगदी जवळ एका म्हाताऱ्या बाईचा श्वास, आणि भरदार, सरळ, जराही न थरथरणारा आवाज.

उगवतीचे दारी मांडव घातिला, मांडवाचे मेढी...

आणि संपलं. दुसऱ्या तुकड्यात कोंबडी ओरडत होती. तिसऱ्यात सुनंदाताई म्हणत होती, "थांब, पानी देते." चौथ्यात नुसत्या बांगड्या. मी हेडफोन काढला. लॅबमध्ये दिवे चालू होते, खाली मैदानात मुलं क्रिकेट खेळत होती, तरी मला मागे वळून बघावंसं वाटलं. दादा म्हणाले, "आता कलेल तुमाला, मी उठून दारापर्यंत का जातो ते. शेवटच्या बटनाला आलो, की मागून कोनीतरी पानी देते म्हनतं."

ते मस्करी करत नव्हते.

त्यांनी तुकडे कागदावर उतरवले आणि तो कागद घेऊन करावे, सारसोळे, तुर्भे या गावांपासून पार उरणच्या बाजूपर्यंत म्हाताऱ्या बायकांकडे फिरले. कुणाकडे एक कडवं, कुणाकडे दोन ओळी. दोन वर्षांत पुष्कळसं जुळलं. फक्त मांडवाच्या धवल्यातली ती एक ओळ कुणाकडेच नव्हती. मेढीच्या, म्हणजे मांडवाच्या खांबाच्या, पुढे काय, ते हिराआजी एकट्याच म्हणायच्या. त्यांच्या गुरूनं तेवढं त्यांनाच दिलं होतं.

मग त्यांनी ते केलं, जे करू नये असं सुनंदाताईनं बजावलं होतं. त्या रविवारी मीही होते. सुनंदाताई मीटिंगला गेली होती. दादांनी मोबाइलवर तो तुकडा आणला होता. मला म्हणाले, "तिचा आवाज तिला ऐकवायला नको का? तिचाच हाय." अडवायला हवं होतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांनी मोबाइल आजींच्या उशाशी ठेवला आणि सुरू केला.

आजींनी मान वळवली. डोळे मोठे झाले. डावा हात गोधडीवर आला आणि बोटं ठेका धरू लागली, लग्नात तांदूळ टाकतात तशी, चिमटीनं. उगवतीचे दारी. मांडवाचे मेढी. आवाज तुटला. खोलीत काहीच नव्हतं. पण बोटं थांबली नाहीत. बोटं पुढे चालू राहिली, एक, दोन, तीन, न चुकता, न अडखळता. सातव्याला हात थांबला आणि गोधडीवर पडला. पूर्ण ओळ म्हणून झाली होती.

ती ओळ तिथेच होती, आमच्यापासून हातभर अंतरावर, आणि आम्हाला ऐकू येत नव्हती.

दादांनी पुन्हा लावलं. पुन्हा सात ठोके. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा आजींनी ठेका धरला नाही. त्यांनी मोबाइलकडे बोट केलं आणि पंजा पुढे हलवला. पुढं. पुढचं लाव.

"आजी," दादा म्हणाले. "पुढं नाय. पुढचं मी पुसलंय. माझ्या हातनं गेलं."

आजींनी त्यांच्याकडे बघितलं. समजलं की नाही, देव जाणे. पंजा पुन्हा हलला. पुढं.

"नाय, आजी. माझ्याकडं नाय."

पुढं.

सुनंदाताई परत आली तेव्हा दादा कॉटच्या पायाशी जमिनीवर बसले होते आणि आजींचा हात हवेत तसाच हलत होता. सुनंदाताईनं मोबाइल बघितला आणि तिला सगळं कळलं. तिनं आईचा हात धरून खाली ठेवला, गोधडीत घातला, आणि शांतपणे म्हणाली, "दादा, तू आता घरी जा."

ते पुढच्या रविवारी गेले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. श्रावणात आजी गेल्या. दादा मयताला गेले, पण लांब, रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. दहाव्याला सुनंदाताई स्वतः त्यांच्याकडे चालत गेली. मी जवळच होते. ती म्हणाली, "शेवटपर्यंत हात हलवत होती. मना आधी तुजा राग येत होता. मग वाटलं, चार वर्षं पडून होती, कोनाला काय मागत नव्हती. शेवटी मागितलंन तरी." दादांनी मान डोलावली. तो दिलासा होता की नाही, हे त्यांना कळलं असेल असं वाटत नाही. मलाही कळलं नाही.

नंतर दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. जाताना प्रत्येक डिस्कवरच्या नावाच्या माणसाला फोन करून त्यांनी ती परत दिली. पाटील बाईंना नेऊन द्यायला ते थेट पनवेलला गेले. लॅबमध्ये आता नवा मुलगा आहे, हुशार आहे. तो बटण दाबतो आणि मोकळा होतो. मी दोन-तीनदा त्याला काही सांगणार होते, पण माझ्या तोंडून ते फक्त सूचना वाटलं असतं.

दादा गेले त्याला आता वर्ष होईल. हृदयविकारानं, दुपारी, जेवून पडलेले असताना. त्यांच्या घरच्यांनी मला दुसऱ्या दिवशी कळवलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, सुनंदाताईच्या नातीच्या लग्नात. शिरवण्याला गल्लीत मांडव घातला होता. दादांनी जमवलेले धवले आता सुनंदाताई आणि आणखी तिघी म्हणत होत्या. वही समोर होती, पण त्या बघत नव्हत्या. दादा मांडवाच्या बाहेर, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्पीशी उभे होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

मांडवाचा धवला सुरू झाला. उगवतीचे दारी मांडव घातिला, मांडवाचे मेढी... आणि चौघीजणी थांबल्याच नाहीत. पुढची ओळ आली, छान, गोड ओळ, मेढीला कोणी आंबा बांधला अशी काहीतरी. सुनंदाताईनं ती स्वतःच रचली होती. बायकांनी तांदूळ टाकले. नवरी हसत होती. गाणं पुढे गेलं.

मी म्हटलं, "जमलं की, दादा."

"जमलं," ते म्हणाले. ते मांडवाकडे बघत नव्हते, खाली बघत होते. जरा वेळानं म्हणाले, "नऊ ठोके झाले."

जेवणाच्या पंगती बसायला लागल्या. सुनंदाताईनं आतून त्यांना हाक मारली, त्यांनी हात वर करून आलो अशी खूण केली. मग चपलांच्या ढिगात वाकून त्यांनी आपल्या चपला शोधल्या, पायात सरकवल्या आणि न जेवता गल्लीतून निघाले. गल्लीच्या तोंडाशी बँडवाले सावलीत पाणी पीत बसले होते. त्यांच्यातून वाट काढताना दादांचा उजवा हात खाली मांडीशी हलताना मला दिसला. चिमटी मिटत होती, उघडत होती. सातव्याला ते थांबले, क्षणभर उभे राहिले, आणि कोपऱ्यावरून वळले.